विनोदच्या मापाचा बॉल

बुधवारी दुपारी रामाकोन्याला विनोदच्या संत्र्याच्या रोपांच्या नर्सरीत त्याचा बॉलिंगचा बॉल आला. निळा, साडेपाच किलोचा, खास त्याच्या बोटांच्या मापाने भोकं पाडलेला. रविवारी नागपूरच्या बॉलिंग सेंटरमध्ये संघाची निवड होती. चौघांत तीन नावं पक्की होती. चौथ्या जागेवर विनोद तरी जाणार होता, नाहीतर सौंसरचा ट्रॅक्टर मेकॅनिक रवींद्र.

तिथे शिकवणाऱ्या शीतलने विनोदला बजावलं होतं, "विनोदभाऊ, तुमचा हात अजून बसला नाही. दर रविवारी वेगळंच फेकून राहिले तुम्ही. सध्या इथल्याच बॉलनं खेळा."

पण विनोद बी.एस्सी. झालेला. हात बसत नाही याचं कारण बॉल मापाचा नाही, असा त्याने निष्कर्ष काढला. दुकानाने फॉर्म पाठवला होता: बोटांना दोरा गुंडाळून माप लिहा. विनोदने प्रत्येक बोट तीन वेळा मोजलं. तिन्ही वेळा उत्तर मिलिमीटरपर्यंत सारखं आलं आणि त्याला फार समाधान वाटलं.

आता त्याने हात साबणाने स्वच्छ धुतले, शेडमध्ये दहा रिकाम्या बाटल्या मांडल्या, बॉल उचलला आणि हात झोकात मागे नेला. बॉल मागेच गेला. संत्र्याची कलमं बांधायला लावलेल्या जंबेरीच्या रोपांमधून सरळ रस्ता काढत तो कुंपणाशी थांबला.

विनोदची बायको सुचिता रोपांना पाणी देत होती. "बाटल्या तं तिकडं आहेत जी."

"निसटला."

"तीस रोपं आडवी केली. नेम चांगला आहे तुमचा."

विनोदने भोकं मोजली. सगळी फॉर्मप्रमाणे होती. तरी अंगठा आत खुळखुळत होता. दुकानाला रागाचा फोन लावणार, एवढ्यात सुचिता मोरीवरून काळी रबरी पट्टी घेऊन आली.

"हे घ्या. हात धुतले तिथं राहिली."

जंबेरीवर संत्र्याचे डोळे बांधून कलम करताना चाकू लागू नये म्हणून विनोद अंगठ्याला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायचा. हंगामात ती सकाळी चढायची आणि अंघोळीलाच उतरायची. त्याने पट्टीकडे पाहिलं, मग भोकाकडे, मग अंगठ्याकडे.

सुचिताच्याही लक्षात आलं. "फॉर्म भरला तेव्हा होती का अंगठ्यावर?"

"तिन्ही वेळा," विनोद म्हणाला.

"मंग बांधूनच खेळा."

उपाय शास्त्रीय होता. शनिवारी पट्टी बांधून त्याने वीसदा बॉल टाकला, एकदाही मागे गेला नाही. रविवारी मात्र खात्री म्हणून त्याने एक वेढा जास्त दिला.

प्रत्येकाला पाच फेकी होत्या. विनोदने पहिली टाकली. बॉल पुढे निघाला, पण विनोदला सोडून जाईना. दोघंही रेषेच्या पलीकडे गेले. तिथे लाकडी पट्ट्यावर तेल असतं. विनोद बसला, घसरला, आणि मग कुठे बॉल सुटून पट्ट्याच्या कडेच्या नालीत गेला.

शीतलने परत आलेल्या बॉलमधून पट्टी उपसून काढली. "हे काय आहे?"

"अंगठा."

"कोणाचा?"

"माझाच. फॉर्मवरचा."

उरलेल्या चार फेकी त्याने तिथल्याच बॉलने टाकल्या: आठ, नऊ, सात, नऊ पिना. संघातल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या. शीतलने आकडे लिहून घेतले.

मग रवींद्र उठला. रांगेतला निळा बॉल त्याला आवडला, म्हणून त्याने तोच उचलला. त्याचा पंजा विनोदएवढाच, पण नटबोल्ट फिरवून अंगठा जाड झालेला. दहा पिना पडल्या. परत दहा. परत दहा.

"शीतलताई, हा बॉल नवा आणला का? अंगठा असा बसते, जसा माझ्यासाठीच केला," रवींद्र म्हणाला. शीतलने यादीत चौथं नाव लिहिलं.

"विनोदभाऊ," सगळं कळल्यावर रवींद्र दबक्या आवाजात म्हणाला, "पुढच्या रविवारच्या सामन्याला बॉल देता का?"

"बॉल एकटा कुठं जात नाही," विनोद म्हणाला.

शीतल हसली आणि यादीत तिने आणखी एक ओळ वाढवली.

संध्याकाळी घरी पोचल्यावर सुचिताने दारातच विचारलं, "झाली का निवड?"

"दोघांचीही झाली."

"तुमची अन् रवींद्रभाऊची?"

"माझी अन् बॉलची," विनोद चपला काढत म्हणाला. "तो खेळणार आहे. मी राखीव."