काचंत पानी मारलंय

आमच्या शेजारचे काशिनाथनाना माणसाचं नाव-गाव विचारायच्या आधी त्याच्या नाकावरचा चष्मा काढून घेतात. मागत नाहीत, काढून घेतात. मग तो उजेडात धरतात, एक डोळा मिटतात आणि निकाल देतात, "काचंत पानी मारलंय." एवढं झालं की सदऱ्याच्या टोकानं पुसून परत करतात. तोवर आपण चाचपडत उभे!

मी राहुरीत प्राथमिक शाळेत शिकवते, म्हणून नाना मला 'बाई' म्हणतात. वर्गात माझा केवढा दरारा, पण नानांपुढे त्याची डाळ शिजत नाही. सकाळी शाळेला निघाले की फाटकाशी त्यांचा हात पुढे असतोच. "आना हिकडं." मी रोज वैतागते आणि रोज चष्मा देते.

नानांची उभी हयात दूध संकलन केंद्रावर गेली. सकाळ-संध्याकाळ दूध मापायचं, दुधात काचेची नळी सोडून डिग्री बघायची आणि कुणी पाणी घातलंय ते तोंडावर सांगायचं. केंद्र सुटलं, खोड काही सुटली नाही. पुढाऱ्याच्या भाषणात पाणी मारलेलं असतं, माझ्या आमटीत तर असतंच असतं. पण त्यांचा सगळ्यांत जास्त राग कशावर असेल, तर मुलीनं पुण्याहून आणलेल्या व्हीआर हेडसेटवर.

ही डोळ्यांवर बांधायची पेटी. आत दोन काचा. ती लावली की आपण दुसरीकडेच जाऊन उभे राहतो, मान वळवू तिकडचं दिसतं. आणली होती शेवंताकाकींसाठी, म्हणजे नानांच्या बायकोसाठी. काकी न्हाणीत पडल्या, खुब्याचं हाड मोडलं आणि त्या खाटेवरून पुन्हा उठल्या नाहीत. त्यांचं माहेर कोपरगावजवळ, गोदावरीच्या काठावर. मुलीनं, सुनंदानं, तिथं जाऊन चारी बाजूंचं दिसेल असं चित्रण करून आणलं. मग काय, काकी रोज दुपारी पाठीशी उशा लावून माहेरी! मी कधी डोकावले तर एकट्याच बोलत असायच्या, "अगं बया, चिंच किती लागलीय औंदा!"

गेल्या वर्षी काकी गेल्या. तेव्हापासून ती पेटी नाना लावतात. तेही साधं नाही. आधी धुतलेला सदरा, मग इस्त्रीची टोपी आणि टोपीवरून पेटीचा पट्टा. मी हसले तर म्हणाले, "सासुरवाडीला बोडक्यानं जात्यात व्हय?"

गंमत अशी, की खऱ्या सासुरवाडीला नाना कधी टेकलेच नाहीत. धोंड्याच्या जेवणाला अख्खं गाव जावयाची वाट बघायचं, आणि हे हात धुतले की फटफटीला किक! संध्याकाळच्या दुधाला माघारी. काकीही मागच्या सीटवर. त्यांना माहेरी राहू द्यावं तर घरी नानांना चहा कोण देणार?

आता रोज जायचे, आणि रोज भांडून यायचे. पेटी काढली की डोळ्यांतून घळाघळा पाणी, कपाळाला बाम, डोकं दोन्ही हातांत. "काच न्हाई बाई, बाटलीचं बूड हाय! एकाचं दोन दिसतंय." डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, डोळे ठणठणीत आहेत, ते यंत्र बंद करा. नाना ऐकतात थोडेच! मागच्या आठवड्यात पेटी काढून उठले आणि भोवंड येऊन ओट्यावरून खाली आले. गुडघे फुटले.

सुनंदाचा मला फोन आला. "बाई, मी रविवारी येतेय. ते घेऊनच जाणार आहे. तुम्ही जरा नानांची समजूत घाला."

शनिवारची सकाळची शाळा करून मी गेले. नाना टोपी घालून बसले होते, पेटी मांडीवर. मी सरळ तोंड सोडलं. "नाना, काचा वाईट आहेत म्हणता, डोकं दुखतं म्हणता, आता पडलातसुद्धा. मग कशाला हा हट्ट? जाऊ द्या की ती पुण्याला."

त्यांनी पेटीच्या काचा सदऱ्याच्या टोकानं पुसल्या. मग म्हणाले, "बाई, आमची मंडळी ह्याच काचंतून बघत हुती. मी इचारायचो, दिसतंय का गं? तर म्हनायची, लई झ्याक दिसतंय. आता मी लावतो तर समदं धुरकट. घर दोन, चिंच दोन. मला बरं वाटावं म्हनून ती खोटं बोलली."

"असं कसं म्हणता?"

"मग कसं म्हनू? जल्मभर तिला दोन दिस म्हायेरी राहू दिलं न्हाई. शेवटाला धाडलं, ते बी असल्या काचंतून. रोज लावतो. वाटतं, आज तरी नीट दिसंल. न्हाई दिसत. आन् उद्या सुनी घिऊन जानार."

नानांचं काय दुखतंय ते तोवर आमच्यापैकी कुणालाच कळलं नव्हतं. मग मीच हात पुढे केला. "आणा हिकडं."

चष्म्यासकट डोकं आत घातलं आणि मी अंगणातच उभी! शेणानं सारवलेलं अंगण, चिंचेचं झाड, ओट्यावर सूप, पलीकडे नदीचं पाणी. चिंचेचा आकडा न् आकडा मोजून घ्यावा इतकं स्वच्छ.

"नाना, मला तर लख्ख दिसतंय."

"तुमी बी खोटं बोला आता!"

"देवाशप्पथ!"

पेटी काढताना माझा अंगठा खालच्या बाजूला एका बारीक पट्टीला लागला. पट्टीला अगदी चिकटून एक लाल टिकली होती. काकींची. ती टिकली आम्ही सगळ्यांनीच पाहिलेली. घरात नवं यंत्र आलं की काकी त्याला टिकली लावायच्याच. मिक्सरला आहे, फ्रिजलाही आहे. पण मिक्सरची टिकली समोर, मधोमध, आणि ही तळाला, पट्टीपाशी? मी पट्टी केसभर सरकवून पाहिली. आतल्या दोन्ही काचा एकमेकींपासून लांब गेल्या. माझ्या डोक्यात तेव्हा कुठे उजेड पडला.

"नाना, काच चांगली आहे हो! ही काकींच्या मापाला लावलीय. दोन डोळ्यांतलं अंतर ज्याचं त्याचं वेगळं असतं. काकींचा चेहरा केवढासा, माझाही तसाच. तुमचा बघा, भाकरीएवढा! सुनंदा लावून बघायची तेव्हा पट्टी हलत असणार, म्हणून काकींनी आपल्या जागेला खूण केली."

नाना टिकलीकडे बघत राहिले. "मला वाटलं, पुजा केली," एवढंच म्हणाले. पट्टीला हात लावायला काही तयार होईनात. "तिचं माप मोडतंय."

"मोडत कशानं? टिकली आहे ना जागेवर!"

मीच टोपीवर पट्टा चढवला, त्यांचं बोट धरून पट्टीवर ठेवलं. त्यांनी ती हळूहळू सरकवली. सरकवता सरकवता थांबले. मान उजवीकडे गेली, मग वर, चिंचेकडे गेली असावी.

"एकच हाय की चिंच," ते म्हणाले. मग अगदी बारीक आवाजात, "बाई, दिसत हुतं तिला."

"हो नाना. दिसत होतं."

त्यांनी पेटी उतरवली. अंगठ्यानं पट्टी परत टिकलीपाशी आणून ठेवली. मग माझ्याकडे बघून, सवयीनं, माझ्या नाकावरचा चष्मा काढून घेतला. तो ओला होता. उजेडात न धरता, काहीही न बोलता, त्यांनी तो सदऱ्याच्या टोकानं पुसला आणि स्वतःच्या हातानं परत माझ्या नाकावर ठेवला.

"सुनीला फोन लावा," म्हणाले. "म्हनावं, पेटी न्यायची न्हाई. उद्या आली की आपुन दोघं तुज्या आईच्या म्हायेरी जाऊ. खऱ्या. आन् म्हनावं, ह्या खेपंला मुक्कामाची कापडं घिऊन ये."