प्रश्न नाही, तर चहा नाही

मुंबईहून व्याख्यानाला आलेल्या एका प्राध्यापकांना नागावकर सरांनी चहावाचून ताटकळत ठेवलं होतं. कारण एवढंच, की श्रोत्यांतून कोणी प्रश्न विचारला नाही. "प्रश्न नाही, तर चहा नाही," हा सरांचा नियम. शेवटी पाहुण्यांनी स्वतःच हात वर केला, स्वतःला एक शंका विचारली, तिचं उत्तर दिलं आणि कप उचलला.

सॉलोमन नागावकर रसायनांच्या कारखान्यातून निवृत्त झालेले. पनवेलात रसायनशास्त्रज्ञांच्या संघटनेची शाखा आहे, आणि तिचा विद्यार्थी विभाग सर एकटेच चालवतात. मी बँकेतला माणूस. करंजाड्याला त्यांच्या समोरच्या घरात राहतो, एवढ्या गुन्ह्यावरून चहाची किटली माझ्या गळ्यात पडली.

महिन्यातल्या एका रविवारी व्याख्यान असतं. मुलं येतात ती सर्टिफिकेटसाठी. नोकरीच्या अर्जाला जोडायला बरं पडतं. सरांना हे पक्कं ठाऊक. "येऊ देत हो. सर्टिफिकेट दारापर्यंत नेतं. आत मुलाखतीत तोंड उघडावं लागतं, ते आपण शिकवू." रिक्षात शेजारी कॉलेजचा मुलगा बसला, तर स्टेशन येईपर्यंत तो सभासद झालेला असतो.

पण मुलांची तोंडं खरी उघडायची ती रिबेकावहिनींमुळे. सरांच्या पत्नी शाळेत मराठी शिकवायच्या. सभेत शेवटच्या ओळीत, दाराजवळच्या खुर्चीत बसायच्या. व्याख्यान संपून सगळे गप्प झाले की उठून म्हणायच्या, "मला नाही कळलं. परत सांगाल का?"

"मागच्या ओळीतल्या बाई, छान प्रश्न," सर गंभीरपणे म्हणायचे. जशी काही ओळखच नाही. मग भराभर हात वर व्हायचे.

मला वहिनींची कीव यायची. एकदा न राहवून म्हटलं, "वहिनी, कशाला दर वेळी हसं करून घेता?"

"अहो, इतकी वर्षं यांच्याशी संसार केलाय. रसायनं मला झोपेत विचारा," त्या म्हणाल्या. "पण मी विचारलं की पोरांना वाटतं, हिच्यापेक्षा आपण बरे. मग लाजत नाहीत."

यंदा दिवाळीच्या तोंडावर वहिनी गेल्या. मुलगा इस्रायलहून आला, सुतकाचे सात दिवस घरात बसला आणि निघताना म्हणाला, "पपा, आता तिकडेच चला."

सर मला म्हणाले, "या रविवारी मीच बोलतो. कोणी विचारलं तर राहीन. नाहीतर विभाग बंद करतो आणि जातो. कुणाला काही विचारायचंच नसेल, तर मी इथे कुणासाठी राहू, कुलकर्णी?"

विषय होता लोखंडाचा गंज. सर इतकं वाईट कधीच बोलले नव्हते. आवाज खाली गेला, मधल्या पायऱ्या सुटल्या, खडू दोनदा पडला. अखेर त्यांनी विचारलं, "काही प्रश्न?"

एकही हात वर झाला नाही. दुखवट्याला बसल्यासारखी मुलं माना खाली घालून बसली होती. सरांचं लक्ष दाराजवळच्या खुर्चीकडे गेलं. उशिरा आलेली सानिका तिथे बसली होती, दुसरी जागाच नव्हती. ही पळस्प्याकडची शेतकऱ्याची मुलगी. आपल्या बोलण्याला शहरातली मुलं हसतील म्हणून सभेत आजवर चकार शब्द बोलली नव्हती. ती उठली.

"सर, मला नाय कळलं. परत सांगाल का?"

'नाय' निसटल्याबरोबर तिने जीभ चावली. कोणी हसलं नाही. सरांनी हातातला खडू खाली ठेवला.

"मागच्या ओळीतल्या बाई," ते नेहमीसारखं गंभीरपणे म्हणाले, "छान प्रश्न."

मला रडू आवरेना. किटली हातात, त्यामुळे डोळेही पुसता येईनात. सरांनी फळा सबंध पुसला, नवा खडू घेतला आणि माझ्याकडे पाहून म्हणाले, "कुलकर्णी, चहा परत गरम करायला ठेवा. मला वेळ लागेल."