काकूंच्या पेटीचं झाकण

आमच्या शेजारचे सोनकांबळेकाका सकाळचा पेपर आला की तो आधी वाचत नाहीत, तोलतात. शर्टाच्या खिशात त्यांचा छोटा ताणकाटा कायम असतो. पेपरची घडी त्याच्या आकड्याला अडकवायची, डोळे बारीक करायचे आणि जाहीर करायचं, "आज बातम्या कमी हायत. जाहिरातीच लई." माझ्या मुलीच्या बारशाला आले तेव्हा त्यांनी पाळण्याकडे अशा नजरेनं पाहिलं, की माझ्या आईनं बाळाला उचलून आतल्या खोलीत नेलं.

यात त्यांचा दोष नाही. उभी नोकरी वजनमापे खात्यात गेली. लातूरच्या मोंढ्यात, धान्याच्या बाजारात, काटे तपासत फिरायचे. पोत्यासकट माल तोलला, की रिकाम्या पोत्याचं वजन वजा करायचं असतं. त्याला बारदान म्हणतात. ते वजा करायला कुणी विसरला, की काका त्याचं जेवण गोड लागू द्यायचे नाहीत. निवृत्त झाल्यावर मोंढा सुटला आणि आमची कॉलनी त्यांच्या तावडीत सापडली. मी एकदा 'आज जरा उकडतंय' म्हणालो, तर म्हणाले, "जरा म्हंजे किती? अंदाज नको."

काकू मात्र अंदाजानं जगणाऱ्या. बोलणं कमी, हसणं जास्त. गेल्या वर्षी लकव्यानं त्यांचा उजवा हात गेला. हळूहळू परत आला, पण जड काही उचलेना. आणि घरातली सगळ्यात जड वस्तू नेमकी त्यांचीच होती. हदगावहून, माहेरून आलेली सागवानी पेटी. साड्या, फोटो, नातवंडांची कुंची, सगळं तिच्यात. वर गोधड्यांची चळत.

एक दिवस काका माझ्याकडे आले. माझ्याकडे ड्रिल मशीन आहे, हा माझा कॉलनीतला जुना गुन्हा. खुर्चीवर न बसताच ते म्हणाले, "शकुंतलानं वर्ष झालं दोनच साड्या आलटून पालटून नेसल्यात. पेटी उघडत न्हाई. मला 'झाकण धरा' म्हणायचं तिच्या जिवावर येतंय. मी आपणहून धरलं तर म्हणती, राहू द्या, काही नको. तिचं तिला उघडता आलं पाहिजे."

पहिल्यांदाच ते काही न तोलता बोलत होते. मी मशीन काढलं.

उपाय त्यांनी शोधूनच ठेवला होता. बेडच्या झाकणाला लावतात ते गॅसचे पंप. जाड नळी, तिच्यात सरकणारी बारीक दांडी. झाकण थोडं उचललं की पुढचं काम पंप करतो. दुकानदार म्हणाला, "काका, झाकणाचं वजन अंदाजे सांगा." झालं. काका म्हणाले, "अंदाज नको म्हणून तर तोलून आलो." आदल्या दिवशी त्यांनी माळ्यावरचा मोठा काटा काढून, झाकणाच्या कडेला लावून, दोनदा ओढून वजन घेतलं होतं. त्या हिशेबाचे दोन पंप दुकानदारानं काढून दिले.

रविवारी आम्ही ते बसवले. गोधड्या अंगणात बाजेवर उन्हाला टाकल्या होत्या. बारीक दांडी खाली, नळी वर, असं काकांनी मला चारदा बजावलं. स्क्रू आवळले. पण झाकण काही खाली बसेना. काकांनी गुडघा टेकवून दाबलं. "नवं हाय, रुळंल," म्हणाले.

तेवढ्यात निलंग्याचे साडू आले. काकांचं तोंड उजळलं. पाहुण्याचं एवढं प्रेम मी त्यांच्याकडे कधी पाहिलं नव्हतं. "या, या, हितं बसा," म्हणत त्यांनी साडूंना थेट पेटीवर बसवलं. झाकण बसलं. चहा आला. साडू कप घ्यायला उठले, तर त्यांच्यामागून झाकणही उठलं. साडू बसले, झाकण बसलं. पाय धुवायला उठले, पुन्हा झाकण उभं.

"दाजी," साडू वळून म्हणाले, "मला जा म्हणून राहिलंय का हे?"

काकू पदर तोंडावर धरून हसत सुटल्या. डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. दुखण्यानंतर असं हसणं त्या घरात ऐकलं नव्हतं. काका मात्र दारातून अंगणाकडे बघत होते. बाजेवर गोधड्या वाळत होत्या.

"शकुंतला," ते म्हणाले, "मी गोधड्यांसकट तोललं गं. जन्मभर दुसऱ्याला बारदान वजा कराया लावलं, अन्..."

"घरात बारदानच दिसलं न्हाई," काकू म्हणाल्या आणि पुन्हा हसल्या.

गोधड्यांची जागा त्यानंतर बाजेवर झाली. झाकण नुसतं तोललं. मग काकांनी खिशातला छोटा काटा काकूंच्या उजव्या हातात दिला आणि दुसरं टोक स्वतः धरलं. "ओढ. सोसंल तेवढंच." काकूंनी ओढलं. काकांनी आकडा बघितला, पण मला सांगितला नाही. दुकानातून हलके पंप बदलून आणले आणि पंप ज्या पट्टीवर बसतो ती बोटभर सरकवून बसवली.

काकूंनी उजव्या हाताची बोटं कडेखाली घातली. झाकण सावकाश वर गेलं आणि थांबलं. डाव्या हातानं ओढून त्यांनी ते बंद केलं. पुन्हा उघडलं. संध्याकाळी त्या डाळिंबी साडी नेसून ओट्यावर बसल्या होत्या. काका शेजारी बसून शेंगा सोलत होते. मला फार बरं वाटलं.

दोन-चार दिवसांनी मी दह्याची वाटी परत द्यायला गेलो. पेटी उघडी होती, झाकण आपलं आपण उभं होतं आणि काकू हाक मारत होत्या, "अहो, या जरा. झाकण धरा."

काका हातातला काटा टाकून लगबगीनं आले. दोन्ही हातांनी झाकण धरून उभे राहिले. काकू निवांत एकेक घडी उलगडत होत्या. ही कधीची, ती कुणी दिलेली, सांगत होत्या. मला राहवलं नाही. म्हणालो, "काका, ते पडत नाही आता."

"हाव, ठाऊक हाय," काका म्हणाले. "पण वर्षानं बोलावलंय तिनं."

"नीट धरा," काकू म्हणाल्या, आणि काकांनी पकड जरा घट्ट केली.