एझ्राकाकांचं मत

एझ्राकाका थळकर आधी टीव्हीवर ब्लँकेट टाकतात आणि मग टीव्ही लावतात. बातम्यांना नाही, क्रिकेटला नाही, फक्त गाण्यांना. दरवर्षी एका रविवारी दुपारी लहान मुलांची आंतरराष्ट्रीय गाण्याची स्पर्धा असते. देशोदेशीची मुलं गातात, स्टेजवर धूर सुटतो, वरून चांदण्या पडतात आणि लंडनच्या वेम्बलीतल्या आमच्या रस्त्यावर अठ्ठ्याहत्तर वर्षांचा एक म्हातारा चौकड्यांच्या ब्लँकेटसमोर कान देऊन बसतो.

"पोरं गातायत ना? मग दिवे कशाला बघायचे?" असा त्यांचा सवाल.

काका मराठी ज्यू. घराणं अलिबागजवळच्या थळचं, लहानपण मुंबईत, आणि पुढची चाळीस वर्षं लंडनच्या एका बसडेपोत मेकॅनिक. बॉनेट न उघडता, नुसत्या आवाजावरून ते इंजिनाचं दुखणं सांगत. ती सवय माणसांवरही चालते. डॉक्टर असो, कौन्सिलचा माणूस असो, कुणी घाईनं बोलू लागलं की काका बोट वर करून म्हणतात, "आधी ऐकून तर घे!" मला त्यांनी हे इतक्यांदा सांगितलंय की त्यांचं बोट दिसलं तरी माझं डोकं तापतं.

माझं आणि ऐकण्याचं तसं कधी जमलं नाही. मी एका सुटकेसवर इथे आलो, लोकांच्या बाथरूममध्ये गुडघ्यांवर बसून टाइल्स लावल्या आणि आज माझं स्वतःचं टाइल्सचं दुकान आहे. हे सगळं बोलण्यावर झालं. ईलिंग रोडच्या देशी भाजीबाजारात मी कोथिंबिरीची जुडी घासाघीस केल्याशिवाय घेत नाही. बायको, अनघा, तेव्हा मुद्दाम पलीकडच्या दुकानात जाऊन उभी राहते.

तर, गेल्या वर्षी त्या स्पर्धेत ब्रिटनतर्फे तीन मुली गाणार होत्या आणि त्यांतली एक माझी होती. ईशा, वय अकरा. तीन मिनिटांच्या गाण्यात तिला एकटीला चार ओळी. पण मी दुकानात येणाऱ्या प्रत्येकाला असं सांगत असे, की जणू बाकीच्या दोघी तिच्या मागे पडदा धरायला आहेत.

मतदान ऑनलाइन होतं. नियम असा की प्रत्येकानं तीन देश निवडायचे, त्यात स्वतःचाही चालेल. हा नियम वाचून मला गहिवरून आलं. एकाला एक मत असतं तर मी काय करणार होतो? तीन म्हटल्यावर बोलणी करता येतात! माझा पोलिश टाइलवाला मारेक याच्याशी पहिला करार झाला: माझी माणसं पोलंडला, त्याची माणसं आपल्याला. नंतर एक इटालियन कॅफेवाला आणि एक फ्रेंच दंतवैद्य. दंतवैद्याशी तर मी तोंडात नळी असताना बोलणी केली. मराठी मंडळाच्या ग्रुपवर रोज सकाळी आठवण. या धांदलीत गाणं मी पूर्ण असं एकदाही ऐकलं नव्हतं, ही गोष्ट तेव्हा माझ्या लक्षातही आली नाही.

शेजारचं मत तर घरचंच. मी पेढे घेऊन काकांकडे गेलो.

"काका, रविवारी ईशाला मत द्यायचं."

"बघू. आधी ऐकून तर घेऊ."

"ऐकायचं काय त्यात? आपली ईशा आहे!"

"म्हणून तर नीट ऐकणार."

मी म्हटलं, "तुमच्या बाथरूमच्या सगळ्या टाइल्स फुकट बदलून देतो."

"तुझ्याच दुकानातल्या आहेत त्या," काका पेढा घेत म्हणाले, "बदलाव्या तर लागणारच."

स्पर्धा परदेशात होती. अनघा ईशाबरोबर गेली, मी सेनापती म्हणून मागे राहिलो. रविवारी दुपारी मी काकांच्याच सोफ्यावर जाऊन बसलो. म्हणायला सोबत, खरं म्हणजे पहारा. ईशाची पाळी आली आणि माझ्या लक्षात आलं, की मला ब्लँकेट दिसतंय.

"काका, माझी मुलगी आहे हो त्याच्या खाली!"

"रेकॉर्डिंग बघ नंतर हजार वेळा. आता गप बस."

मी कोपरा उचलायला गेलो. त्यांनी माझ्या हातावर चापट मारली. पन्नाशीच्या माणसाला, तीही त्याची मुलगी देशातर्फे गात असताना! मग निमूट ऐकलं. आणि ईशाच्या चार ओळींतल्या तिसऱ्या ओळीत, शब्दाच्या मधोमध, तिचा श्वास तुटला. एवढासाच. दिसत असतं तर मी तिचा चमचमणारा ड्रेस बघत बसलो असतो. काकांनी डोळे मिटले. "घाबरली पोर," ते म्हणाले.

सगळी गाणी संपल्यावर त्यांनी खिशातून कागद काढला आणि टॅबलेटवर एका बोटानं तीन देश निवडले. मी मान लांब करून पाहिलं. त्यात ब्रिटन नव्हतं. पहिलं मत एका छोट्या देशाच्या मुलाला. तो एकटाच उभा राहून स्वतःच्या भाषेत गायला होता.

"काका, ईशा?"

"चांगली गाते ती. आज नाही गायली."

मी काय काय बोललो ते इथे लिहीत नाही. मुलीवर माया नाही म्हणालो, देशाचं प्रेम नाही म्हणालो, शेवटी त्यांच्या सोफ्यालासुद्धा नावं ठेवली. दार आपटून बाहेर पडलो. मग चपला आत राहिल्या म्हणून पुन्हा बेल वाजवावी लागली. त्यांनी एक शब्द न बोलता चपला दिल्या. त्याचाही राग आला.

ब्रिटन नववं आलं. एका मतानं काही फरक पडला नसता हे मला कळतं. तरी मी काकांशी बोलणं बंद केलं.

ईशा परत आली ती गप्पच. फुगे, केक, शाळेत कौतुक. "अमेझिंग होतीस!" असं जो तो म्हणाला, आणि सगळ्यांत मोठ्यानं मी. ती "थँक्स" म्हणायची आणि खोलीत जायची. तिनं गाण्याच्या क्लासला जाणं सोडलं. रोज बाथरूममध्ये गाणारी मुलगी, पण आता नुसता शॉवरचा आवाज. अनघा म्हणाली, "तिला काहीतरी होतंय." मी ईशाला नवा फोन देऊ केला. मला तेवढंच येतं.

एका शनिवारी ती शाळेतून आणलेलं कसलंसं तिकीट विकायला शेजारी गेली आणि तासभर परतली नाही. तिनं कोट नेला नव्हता. मी कोट घेऊन निघालो. खरं तर भांडायलाच. काकांच्या किचनचं मागचं दार उघडं होतं. आतून ईशा रडत बोलत होती.

"तिसऱ्या लाइनमध्ये माझा ब्रेथ गेला ना? कोणीच सांगत नाही. सगळे खोटं बोलतात मला."

"गेला," काका म्हणाले. "मी ऐकला."

ती नाक ओढून म्हणाली, "थँक यू, आजोबा."

मी तिथेच उभा राहिलो. जे मलाही ऐकू आलं होतं, ते तिला सांगायला शेजाऱ्याची गरज पडली.

"तुम्ही गाता?" ईशानं विचारलं.

काकांनी हळू आवाजात एक पद सुरू केलं. मराठी ज्यूंच्या जुन्या कीर्तनातलं, त्यांचा प्रेषित मोशे याची आई बाळाला टोपलीत घालून नदीत सोडते तेव्हाचं. आवाज कापत होता, पण श्वास जागच्या जागी. ते मराठी गातात हेच मला बारा वर्षांच्या शेजारात माहीत नव्हतं.

"वडिलांनी शिकवलेलं," ते म्हणाले. "नातू तेरा वर्षांचा झाला तेव्हा त्याच्या बारमिट्झ्वाच्या समारंभात गायलो होतो, एडिनबराला. टाळ्या खूप पडल्या. मुलगी म्हणाली, लव्हली, डॅड. मग सगळे जेवायला गेले."

"पण मीनिंग काय आहे त्याचा? ती आई असं का करते?"

आत खुर्ची मागे सरकल्याचा आवाज आला. मला वाटलं, काकांना बरं नाही की काय.

"आजोबा? चुकीचं विचारला का मी?"

"नाही गं," काका म्हणाले. "परत विचार. एकदा परत विचार."

आणि ईशानं परत विचारलं.

मी कोट दाराच्या कडीला अडकवला आणि घरी आलो. मत त्यांनी द्यायला हवं होतं, हे माझं म्हणणं अजूनही कायम आहे.