फरक मोजणारे दौलत मास्तर

कुणी काही चांगलं काम केल्याचं सांगितलं की दौलत मास्तर विचारत, "मंग? फरक काय पडला?" आणि उत्तर मिळेपर्यंत समोरून हलत नसत.

एका हिवाळ्यात गावच्या शेठजींनी गरिबांना घोंगड्या वाटल्या. हारतुरे झाले. दोन महिन्यांनी मास्तरांनी घरोघर जाऊन त्या घोंगड्या पाहिल्या आणि भर ग्रामसभेत सांगितलं, "सात माणसाच्या अंगावर हायेत, चार बैलाच्या. अन् दोन शेठजीच्याच दुकानात परत इकाले आल्या." शेठजींनी पुन्हा कधी काही वाटलं नाही. एवढा फरक मात्र पडला.

महाराष्ट्र राज्य होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. वरवट बकालजवळच्या आमच्या गावात शाळेला दोनच मास्तर, ते आणि मी. गावाला नारूची पीडा होती. पायाला फोड येतो, फुटतो आणि सुतासारखा किडा बाहेर येतो. तो काडीला गुंडाळत रोज बोटभर ओढायचा. तुटला तर पाय सुजून माणूस खाटेवर. ऐन पेरणीत अर्धं गाव लंगडायचं आणि देवीला नारळ फोडायचं.

मास्तर वही घेऊन घरोघर फिरले. वही धरायला मी. कुणाला नारू झाला आणि तो कुठलं पाणी पितो, एवढंच विचारायचं. महिनाभरानं त्यांनी वही माझ्यापुढे सरकवली. सगळे नारूवाले पायऱ्यांच्या जुन्या विहिरीचं पाणी पिणारे. फोड आलेला पाय घेऊन लोक त्याच पाण्यात उतरत आणि तेच पाणी घागरीत भरत. बौद्धपुऱ्यातल्या लोकांना या विहिरीवर कुणी येऊ दिलं नव्हतं, म्हणून त्यांनी आपली निराळी खोदली होती. अरुंद, पायऱ्या नसलेली, रहाटाची. तिकडे एकालाही नारू नव्हता.

मास्तरांनी हे सभेत जसंच्या तसं सांगितलं. सरपंच म्हणाले, "म्हंजे आता आमी त्यायच्या विहिरीवर पानी भराले जावं का?"

"त्यायनं येऊ देलं तं जा," मास्तर म्हणाले. "नाही तं आपल्या पायऱ्या बुजवा अन् रहाट लावा."

पुढचं वर्षभर त्यांच्याशी कुणी धड बोललं नाही. वर्गणी जमत होती ती देवळाच्या कळसासाठी. मास्तर दारोदार जाऊन सांगत, "कळसानं कोनाचा पाय बरा होते ते मले दाखवा." शेवटी सरपंचाच्याच बायकोच्या पायात नारू तुटला आणि ते राजी झाले. पण काम वैशाखातच शक्य होतं. पाणी तळाला गेल्याशिवाय पायऱ्या बुजवता येत नव्हत्या.

त्याच वैशाखात मास्तरांची बायको, कौसल्यावहिनी, आजारी पडली. ताप उतरेना, तेव्हा तिच्या भावानं तिला अकोल्याच्या दवाखान्यात नेलं. आठ दिवसांनी तो परत आला. मास्तर विहिरीवर गवंड्याला दगड देत होते. मी शेजारीच होतो.

"भाऊजी, ताई तुमाले बलावते," तो म्हणाला. "चार दिवस येऊन बसा म्हनते."

मास्तरांनी हातातला दगड खाली ठेवला नाही. "मी उशाशी बसल्यानं ताप उतरन का? तिथं डाक्टर हाय. इथं मी हललो तं हे लोक उद्याच काम बंद करतीन."

खरंच होतं ते. कुणीही ताळा करून पाहावा. मीसुद्धा मनात तो करून पाहिला, आणि 'जा, मी पाहतो इकडचं' हे शब्द माझ्या तोंडून निघाले नाहीत. मला उन्हात उभं राहायचा कंटाळा आला होता, इतकंच.

वहिनी पाचव्या दिवशी गेली.

पायऱ्या बुजल्या. दोन वर्षांत नारू गावातून गेला. विहिरीवर पाटी लागली, तिच्यावर सरपंचाचं नाव. गाव म्हणू लागलं की देवी पावली. आणि मास्तरांविषयी म्हणू लागलं, "दगडाचा मानूस. बायको मेली तरी विहीर सोडली नाही." ही वाक्यं म्हणणारे सगळे त्याच विहिरीचं पाणी पीत होते.

माझी बदली संग्रामपूरला झाली. काही वर्षांनी मास्तर जळगाव जामोदच्या मोटारस्टँडवर भेटले. वाळले होते. मी चहा सांगितला. बरं वाटावं म्हणून म्हणालो, "मास्तर, परवा गावात गेलो होतो. एकही नारू नाही. तुमचं बरोबर होतं."

त्यांनी बशीतला चहा संपवला आणि बशी खाली ठेवली.

"तेच तं," ते म्हणाले. "चुकलं असतं तं तिची माफी मांगता आली असती. आता कोन्या तोंडानं मांगू?"

मी त्यांच्या बशीत माझा अर्धा चहा ओतला. त्यांनी तो पिऊन टाकला.