गोल वस्तू, नग तेवीस

कोणत्याही प्रगत शहराला इतिहास लागतो, आणि तो वेळेवर लागतो. रोमानियातल्या आमच्या क्लुज शहरात सॉफ्टवेअर कंपन्या भरपूर झाल्या, कॉफीची दुकानं त्याहून भरपूर झाली, पण परदेशी पाहुणे आले की विचारायचे, "तुमचं गॅरेज कुठंय?" तंत्रज्ञानाच्या शहराची सुरुवात एखाद्या गॅरेजात झालेली असावी, असा नियम आहे. (तो कुणी केला हे वारसा व अनुभव समितीला ठाऊक नाही. पाळण्याची जबाबदारी मात्र समितीची आहे.)

समिती म्हणजे अध्यक्ष होरात्सियू, तीन सल्लागार आणि फलकांवरचा मजकूर लिहिणारा मी. होरात्सियू मोठे दूरदृष्टीचे गृहस्थ. शहरात रोमन दगड आहेत, बुरूज आहे, जुनी चर्चं आहेत. त्यांतला दोष त्यांनी अचूक हेरला: हे सगळं खरोखरच जुनं आहे, त्यामुळे ते समजून घ्यावं लागतं आणि पाहुण्यांचा वेळ जातो.

समितीने ४१२ गॅरेजं तपासली. पैकी ४११ मध्ये गाड्या निघाल्या, म्हणून ती बाद झाली. उरलं आमच्याच इमारतीमागचं वेतुरियाकाकूंचं. आत त्यांच्या दिवंगत यजमानांची, गव्रिलकाकांची, हत्यारं होती, पोट उघडलेला एक रेडिओ होता, आणि एक भलंमोठं लाकडी पिंप होतं, त्यातून रबरी नळी बाहेर आलेली. नळी पाहताच होरात्सियूंनी टोपी काढली.

"पाण्यावर चालणारी थंड करण्याची यंत्रणा!"

"कोबी आहे तो," काकू म्हणाल्या. "मिठाच्या पाण्यात घातलाय."

"थोर माणसं अशीच साधेपणानं बोलतात," होरात्सियू म्हणाले आणि त्यांनी गॅरेजला कुलूप लावलं. मी फलक लिहिला: 'इथे सुरुवात झाली.' तीनच शब्द. त्याला राष्ट्रीय पातळीवरचं उत्तेजनार्थ पारितोषिक मिळालं.

कुलूप लागलं ते नोव्हेंबरात. त्याच संध्याकाळी काकू जिने चढून माझ्या दारात आल्या.

"तिबी, त्या टोपीवाल्याला सांग, दोन दिवसांआड नळीतून फुंकून पाणी खालवर केलं नाही तर कोबी बुळबुळीत होतो. चाळीस वर्षं गव्रिल फुंकायचा. तो गेल्यावर मी फुंकते. एकदाही नासू दिला नाही. यंदा ख्रिसमसला सरमाले झाले नाहीत, तर त्याच्या फोटोपुढे काय ठेवू? तुझा फलक?"

मला फार लाज वाटली. लाज वाटली की मी नियमावली काढतो.

कलम १४ (ब): प्रदर्शित वस्तूंना हात लावण्यास मनाई आहे, मात्र प्रदर्शित वस्तूंनी एकमेकींना हात लावण्यास हरकत नाही. त्यानुसार पिंपाला वस्तू क्रमांक सहा आणि काकूंना वस्तू क्रमांक सात म्हणून नोंदवण्यात आलं. पिंपातल्या ऐवजाची नोंदही मीच केली. 'कोबी' हा शब्द जागतिक दर्जाच्या वारशाला शोभेना, म्हणून मी लिहिलं: 'गोल वस्तू, नग २३.'

काकू डोक्याला रुमाल बांधून येत, नळी तोंडात धरत आणि गाल फुगवून फुंकत. पिंपात बुडबुडे आले की पाहुणे टाळ्या वाजवत. चौऱ्याण्णव टक्के पाहुण्यांनी 'भारावून गेलो' असं लिहिलं. (उरलेल्या सहा टक्क्यांनी स्वच्छतागृहाची चौकशी केली.)

डिसेंबरात कोबी मुरला आणि काकू परात घेऊन आल्या. होरात्सियू आडवे उभे राहिले.

"काकू, वारसा कुणी खातं का?"

"मग काय नुसता हुंगतात? चल, बाजूला हो."

"नोंदवहीत तेवीस आहेत. पाहणीच्या दिवशी तेवीसच भरले पाहिजेत."

"काय तेवीस?"

होरात्सियूंनी नोंदवही पुढे केली. काकूंनी चष्मा लावला आणि माझं वाक्य दोनदा वाचलं.

"बरं," म्हणाल्या, आणि गेल्या. काकू वाद न घालता 'बरं' म्हणाल्या की आमच्या इमारतीत माणसं सावध होतात. होरात्सियू दुसऱ्या भागात राहतात.

काकूंची मुलगी एका सॉफ्टवेअर कंपनीत आहे. तिथे प्रत्येक सभेनंतर हातात दाबायचा स्पंजचा चेंडू भेट देतात, ताण हलका व्हावा म्हणून. घरात पोतंभर साठले होते. सोमवारी पाहणी झाली. पिंपात गोल वस्तू होत्या, वर कोबी दाबून ठेवायचा गव्रिलकाकांचा दगड होता. नग मोजले, तेवीस भरले. होरात्सियूंनी सही केली.

चोवीस तारखेला माझ्या घरी सरमाल्यांचं पातेलं आलं: कोबीच्या पानांत गुंडाळलेला खिमा-तांदूळ, वर आंबट साय. गव्रिलकाकांच्या फोटोपुढेही एक बशी होती. मी पोटभर जेवलो आणि समितीला काही कळवलं नाही.

काकू अजूनही येतात आणि स्पंजच्या चेंडूंवर फुंकतात. (वस्तूंसाठी राजीनाम्याचा नमुना नाही.) आजवर एकतीस हजार पाहुण्यांनी 'इथे सुरुवात झाली'शेजारी उभं राहून फोटो काढले. सुरुवात कशाची झाली, हे एकानेही विचारलं नाही. सुज्ञ वाचकहो, कोबीच्या काळजीत तुम्हीही इथवर आलात, तेही न विचारता. तुमचा क्रमांक एकतीस हजार एक.