मूळ नमुन्याच्या अभावी सुपारी

ज्या सुनेला स्वतःच्या नव्या घराच्या वास्तुशांतीपेक्षा पेरू देशातल्या डोंगरावरचं झुडूप जवळचं वाटतं, तिची तक्रार करू नये, तिच्याकडून शिकावं. मी शिकले. शाळेत चौथीपर्यंतच गेले असल्यामुळे डोक्यात जागा होती.

आमची विनीता इथे अमेरिकेत, कॅरी गावाजवळच्या एका विद्यापीठात वाळक्या झाडांच्या कोठारात काम करते. तिथलं शास्त्र असं: झाडाला नाव दिलं की त्याची एक फांदी वाळवून कागदावर चिकटवतात. हा मूळ नमुना. पुढे जगात कुणी वाद घातला की हे झाड तेच का, तर त्या फांदीला विचारायचं. (फांदी बोलत नाही, म्हणूनच तिच्या शब्दाला मान.) आता, पेरूच्या उंच डोंगरांतली कित्येक झाडं जर्मनांनी शंभर वर्षांपूर्वी वाळवून नेली, आणि महायुद्धात त्यांच्या कोठारावर बॉम्ब पडला. फांद्या जळाल्या, नावं उरली. डोंगरावर झाड मजेत उभं आहे, पण शास्त्राच्या दृष्टीनं ते निराधार. मग विद्वान मंडळी शक्यतो त्याच डोंगरावरची, तसलीच दुसरी वाळकी फांदी शोधतात आणि छापून जाहीर करतात की आजपासून हीच. हा बदली नमुना. एवढ्यासाठी विनीताला पीएचडी करावी लागली.

आमच्याकडे हे काम मूठभर तांदळात होतं. देवाला वस्त्र नाही? वस्त्राभावी अक्षता. दागिना नाही? अक्षता. इथे तर आंब्याच्या पानांअभावी मॅग्नोलियाची पानं आणि अंगणाअभावी गॅरेज. अमेरिकेतल्या मराठी वास्तुशांतींपैकी साडेत्र्याण्णव टक्के गॅरेजमध्ये होतात, असा माझा अंदाज आहे (बाकीच्यांना गॅरेज नाही).

तर दोन हजार सहा सालच्या मे महिन्यात, वास्तुशांतीच्याच सकाळी, विनीता गाडीची किल्ली घेऊन म्हणाली, "आई, पेरूहून सर आलेत, दुपारी त्यांची फ्लाइट आहे. फक्त बदली नमुन्याची एक शीट फायनल करायचीय. नऊला परत येते."

मुहूर्त दहाचा होता. साडेदहाला विवेक गुरुजींनी घड्याळ पाहिलं. गुरुजी सोमवार ते शुक्रवार एका कंपनीचा डेटाबेस सांभाळतात, त्यामुळे बॅकअपचं महत्त्व जाणतात. म्हणाले, "पत्नीच्या अभावी सुपारी. शास्त्रात सोय आहे." आणि माझ्या केदारच्या पितांबराला कमरेशी एक सुपारी खोचली.

सुपारी आदर्श यजमानीण निघाली. संकल्पाच्या वेळी फोन घेतला नाही. धुरानं डोळे चोळले नाहीत. नवऱ्याचा पितांबर सुटतोय हे चारचौघांत सांगितलं नाही. "किती शांतपणे चाललंय!" शेजारच्या शोभनाताई म्हणाल्या. चाळीस पाहुण्यांपैकी दोघांनी विनीता कुठे म्हणून विचारलं. त्यातल्या एकाला पुऱ्या कोण तळणार याची काळजी होती.

होम ऐन रंगात असताना गॅरेजचं दार वर गेलं. विनीतानं सवयीनं बाहेरून रिमोट दाबला होता. होमापुढे तिची गाडी उभी, आणि वाऱ्यानं सगळी राख शोभनाताईंच्या नारायणपेठेवर.

विनीतानं आत जाऊन साडी गुंडाळली आणि पाटाशी आली. गुरुजी हात आडवा करून म्हणाले, "वहिनी, संकल्प सुपारीसोबत झालाय. आता मध्येच चेंज नाही."

"आमच्याकडे मूळ नमुना सापडला की बदली नमुना त्याच क्षणी बाद होतो, गुरुजी."

"ते झाडाझुडपांचं."

"मग सुपारी काय प्राणी आहे?"

"विनू, यार, आता सीन नको," केदार म्हणाला. "जस्ट वन अवर. तू इथे बाजूला बस ना." बोलताना त्याचा हात कमरेवर होता, सुपारी पडू नये म्हणून. लग्नाच्या सात वर्षांत त्यानं बायकोला इतकं जपलेलं मी पाहिलं नव्हतं.

विनीता बाजूला बसली नाही. या घरातली दारं-खिडक्या तिनं निवडलेली, आणि घराच्या देवापुढे तिच्या नावानं सुपारी! ती उभीच राहिली. मंडळी फिदीफिदी हसली.

मी त्यांना विचारलं, "तुम्ही सगळे इकडे आलात. तिकडे घरी गौरीगणपतीला तुमच्या जागी कोण बसतं हो?"

कुणालाच माहीत नव्हतं. वाचणाऱ्यांनीही फोन करून विचारू नये. सगळं सुरळीत चाललंय, एवढंच ऐकायला मिळेल.

मग मी उठले, केदारच्या कमरेची सुपारी काढून गुरुजींच्या तळहातावर ठेवली आणि सुनेला सगळ्यांदेखत सुनावलं, "विनीता, पूजा तुझ्यापेक्षा सुपारीनं चांगली केली, हे कायम लक्षात ठेव. पण व्हिसा संपेपर्यंत मला या घरात अजून चार महिने काढायचेत, आणि सुपारीशी भांडता येत नाही. बस पाटावर."